पाच मशीनं आणि एक रिकामी ओळ

“गर्जे गेले, आता ते पाच मशीनचं खूळपण गेलं म्हणायचं,” व्हरांड्यात हेडक्लार्क स्टोअरकीपरला सांगत होते. “मागच्या पाळीला पाणी सोडताना घोळ झाला तो त्याच्यामुळंच. एका मशीनवर गणिताला वीस दिवस लागतात ना? लागू द्या. टेलच्या, कालव्याच्या पार शेवटच्या लोकांच्या शिव्या तरी खायला नकोत.”

त्या शुक्रवारी मी आत तुमचं कपाट रिकामं करत होते. नवा माणूस येणार होता, आणि तुमच्या कागदांतलं काय ठेवायचं ते मलाच कळेल असं सगळ्यांचं मत पडलं होतं. हातात आपल्या पत्रकांचा गठ्ठा होता. चार पावलं टाकून बाहेर जायचं आणि सांगायचं, की घोळ कशामुळे झाला ते मला माहीत आहे. एवढंच. मी गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. भाऊसाहेब, तुम्हाला याचं नवल वाटणार नाही.

सोमवारी साहेबांची बैठक होती. पुढच्या पाळीचं गणित पुन्हा एकाच मशीनवर करायचं आणि उसनी आणलेली मशीनं परत पाठवायची, हे जवळजवळ ठरलंच होतं. यंदाच्या या दुष्काळात वीस दिवसांत धरणातलं पाणी केवढं खाली जाईल हे काय त्यांना कळत नव्हतं? गणित पुरं होईल त्याच दिवशी ते जुनं झालेलं असणार. पण तुमच्या नावाला चिकटलेली ती एक चूक सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. तुम्ही नसल्यावर तर ती पुसणारं कुणी उरलंच नव्हतं.

तुम्ही माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य आठवतं? मी नगरच्या कॉन्व्हेंटमधून आणि मग पुण्याहून गणित घेऊन बी.एस्सी. होऊन आलेली, हंगामी गणक. देवळालीच्या अलीकडचं कालव्याच्या काठावरचं ते ऑफिस, आणि त्यात मी एकटी बाई. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, “मिसबाई, मराठीत बेरीज येती का?”

“उत्तर तेच येतं,” मी म्हणाले.

सगळं ऑफिस हसलं. मला वाटलं माझ्यावरच हसतायत. पुढचे चार दिवस मी तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी तुम्ही आकडेमोडीचं ते हँडलचं जड मशीन स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवलंत. “उत्तर तेच येतं म्हणाला होतात. बघू आता.” तेव्हा कळलं की तुम्ही हसला होतात ते हार मानून.

पहिले काही महिने कामात काही राम नव्हता. मग पाऊस दुसऱ्यांदा चुकला. धरणात कधी नव्हे इतकं कमी पाणी, आणि आपल्याकडची सगळी कोष्टकं भरल्या कालव्याची. वरच्या दरवाजातून एवढं पाणी सोडलं तर शेवटच्या चारीला किती तासांनी किती पोचतं, कोरड्या तळात किती मुरतं, कुठलं दार किती उघडायचं, सगळं नव्याने मांडायला हवं होतं. कालव्याचे पाच भाग, आणि प्रत्येक भागाचं गणित एकटंच चार दिवस खाणारं.

त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला मुंबईला कॉलेजच्या सहलीत पाहिलेल्या कॉम्प्युटरबद्दल सांगितलं. खोलीभर कपाटं, गारेगार हवा, भोकं पाडलेली कार्डं. मी एवढं सलग कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्ही भाकरीचा तुकडा हातातच धरून ऐकत होतात.

“पर त्याला हात किती?”

“म्हणजे?”

“एका वेळी किती कामं करतंय?”

“एकच. पण फार वेगाने.”

“मग आपण बरे!” तुम्ही मांडीवर थाप मारलीत. “आपल्याकडं पाच सेक्शन ऑफिसं हायेत. मशीनं कमी पडतायत तर कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून दोन उसनी आणू. कॅनॉलचा फोन पाचही ठिकाणी हाय. पाच हात झाले की!”

मग तुम्ही तुमच्या वडिलांबद्दल सांगितलंत. पाथर्डीकडचे मुकादम, दर दिवाळीनंतर गावातली माणसं घेऊन ऊसतोडीला इकडे येणारे. फडात वीस कोयते असले, की एकानं तोडायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं असं नसतं. मुकादम प्रत्येकाला त्याची पात वाटून देतो, म्हणजे उसाच्या सरींचा त्याचा त्याचा पट्टा. सगळ्या पाती एकाच वेळी चालतात. कुणाची लवकर संपली तर तो गप्प बसत नाही, मागे पडलेल्याची पात दुसऱ्या टोकाकडून धरतो. दोघं मध्ये भेटतात.

मी म्हणाले, “पण दुसऱ्या भागाचं पाणी पहिल्यातून येतं. पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा सुरू कसा करणार?”

तुमचा चेहरा उतरला. “व्हय की,” तुम्ही म्हणालात आणि भाकरी खाऊ लागलात. तुमचा आनंद मी एका वाक्यात मोडला याचं मला इतकं वाईट वाटलं, की दोन दिवस मी दुसरा विचारच केला नाही.

तिसऱ्या दिवशी मी एक कागद तुमच्या टेबलावर सरकवला. तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. कागदावर एवढंच होतं: दुसऱ्या भागात पाणी नक्की किती येईल ते माहीत नाही, पण एवढ्यापेक्षा कमी आणि एवढ्यापेक्षा जास्त येणार नाही हे माहीत आहे. त्या दोहोंमधले बारा आकडे घ्यायचे. बाराही आकडे धरून बारा ओळी आधीच सोडवून ठेवायच्या; भागाची मांडणी एकदा झाली की एकेक ओळ काही तासांचीच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागाचंही तसंच. पहिल्या भागाचं खरं उत्तर आलं, की दुसऱ्याची जुळणारी ओळ उचलायची, तिच्यावरून तिसऱ्याची.

तुम्ही वाचलंत. पुन्हा वाचलंत. उठलात तेव्हा खुर्ची मागे पडली.

“अगं ए पोरी! आधी तोडून ठेवायचं आणि गाडी आली की भरायचं!”

मिसबाईची मी पोरी झाले ती त्या दिवशी. तुम्ही तो कागद घेऊन तसेच साहेबांकडे निघालात, मला मागून ओढत नेल्यासारखं. साहेबांना म्हणालात, “ही युक्ती यांची.” मी फरशीकडे बघत म्हणाले, “भाऊसाहेबांचीच आहे.” मला वाटलं मी तुमचा मान राखतेय.  संध्याकाळी निघताना एवढंच म्हणालात, “स्वतःच्या डोक्यातनं निघालेलं दुसऱ्याच्या पदरात टाकू नये. दुसऱ्याला ते सांभाळावं लागतं.” याचं उत्तर मी तुम्हाला कधीच दिलं नाही.

पण मग ते दोन आठवडे! भाऊसाहेब, त्या दिवसांसारखे दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा येतील का, माहीत नाही. आपण आधी आईपत्रक केलं. तुमचंच नाव ते. एकच पत्रक, त्यात रिकाम्या चौकटी: भागाची लांबी, रुंदी, उतार, माती कसली. चौकटी भरल्या की त्या भागाचं पत्रक तयार. मग त्याच्यावरून बारा ओळींची बारा. पत्रकं लिहिणारं पत्रक! शेवटच्या ऑफिसातल्या कारकुनाला कालवा कळायची गरज नव्हती. वरून खाली वाचत जायचं, सांगितलंय तेवढे आकडे घ्यायचे, हँडल फिरवायचं, आलेलं खालच्या चौकटीत लिहायचं. दोन दिवसांत आपण पहिल्या भागाचं एक आणि बाकी चारांची बारा-बारा अशी एकोणपन्नास पत्रकं काढली. माझी बोटं कार्बनने निळी झाली होती, आणि घरी आई म्हणाली, “नोकरी करतेस की घरं रंगवतेस?”

आणि तो पहिला दिवस. तुम्ही फोनची कळ फिरवलीत. कालव्याची ती एकच तार, एकाने बोललेलं पाचही ठिकाणी ऐकवणारी. तुम्ही रिसीव्हर आपल्या दोघांच्या मध्ये धरलात. “सुरू करा रे!” आणि तारेतून तो आवाज आला. एक हँडल फिरल्याचा, मग दुसरं, मग तिसरं, लांबचं, जवळचं, एकमेकांत मिसळलेलं. खर्रर्र आणि टिंग, खर्रर्र आणि टिंग. तीस-पस्तीस मैलांच्या कालव्यावर पाच खोल्यांत पाच माणसं एकाच गणिताला लागली होती आणि ते गणित चालताना मला ऐकू येत होतं.  तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत.

चार नंबरचं ऑफिस मागे पडायचं. तिथले बाबूराव तंबाखू मळल्याशिवाय ओळ सुरू करत नसत, त्यात त्यांचं हँडल जड. तुम्ही फोनवर ओरडायचात, “चार नंबर, पाणी येऊन गेलं तरी तुमचं गणित वाळूतच!” आणि तिकडून यायचं, “भाऊसाहेब, तुमी मशीन दिलंय का उसाचा चरक? लई जोर लागतोय!” मग तुम्ही तीन नंबरला सांगायचात, तुमचं झालं असेल तर चारची बाराव्या ओळीकडून धरा. वर सरकत या. मध्ये भेटा.

यावरून आपलं भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणत होते, कुणी कुणाची ओळ कधी उचलायची याचाही नियम कागदावर लिहिता येईल. मग मुकादमाची गरज नाही, पत्रकंच एकमेकांना काम वाटतील. तुम्ही म्हणालात, “आणि बाबूरावाचं पोरगं आजारी हाय, हे पत्रकाला कोण सांगणार?” मी भावाने पाठवलेलं इंग्रजी मासिक आणून दाखवलं. अमेरिकेत लांब लांबच्या गावांतले कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेने जोडलेत, असं त्यात होतं. तुम्ही चित्रावरून बोट फिरवलंत. “म्हणजे त्यांनापण मुकादम लागणार,” तुम्ही खूश होऊन म्हणालात. मी म्हणाले, तो मुकादमही एक पत्रकच असेल, बघा तुम्ही. मला अजूनही तसंच वाटतं. पण खरं सांगते, तेव्हा मला मुकादम नको होता तो दुसऱ्या कारणाने. तुम्ही रजेवर गेलात तर फोनवर मला बोलावं लागेल, ही भीती होती. एकदाच मी त्या तारेवर बोलले होते, “कृपया आकडा पुन्हा सांगावा.” तिकडून बाबूराव म्हणाले, “आकाशवाणी लागली का रं?” आणि पाच ऑफिसं हसली.

आता ती गोष्ट.

शेवटच्या दिवशी तुम्ही साहेबांबरोबर वरच्या दरवाजाकडे गेला होतात. पत्रकं आली होती, मी एकटी ती जुळवत होते. चार नंबरच्या कोष्टकात सातवी ओळ रिकामी होती. बाबूराव वरून सहापर्यंत आले होते, तीन नंबर खालून आठपर्यंत. सातवी त्याने केली असेल, असं दोघांनाही वाटलं. फोन माझ्या हातापासून वीतभर होता. कळ फिरवून विचारायचं, बस. पाचही जण उचलणार होते. मी सहावीचं आणि आठवीचं उत्तर घेतलं, दोहोंचा मध्य काढला आणि निळ्या शाईने रिकाम्या जागी लिहिला.

दुसऱ्या कुठल्या ओळीत ते चाललं असतं. पण चौथ्या भागात कालव्याचा तळ एकदम खाली जातो, तिथे पाणी असं सरळ हिशेबाने वाढत नाही. आणि नेमकी सातवीच ओळ वापरात आली. दार कमी उघडलं गेलं. पाणी टेलला जवळजवळ दिवसभर उशिरा पोचलं आणि शेवटच्या चारीची पाळी निम्म्यावर आली. तिथल्या बाया हंडे घेऊन कोरड्या चारीत बसून होत्या, असं चारीवर पाणी वाटणारा पाटकरी येऊन सांगत होता. मी दुसऱ्या टेबलावर मान खाली घालून होते.

साहेबांपुढे तुम्ही म्हणालात, “पद्धतीत कुठंतरी फट राहिली. जबाबदारी माझी.” मी तुमच्या मागे उभी होते.

त्यानंतर तुम्हाला कावीळ झाली. नगरच्या दवाखान्यात मी आले ती सांगायलाच आले होते. तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. तुम्ही विचारलंत, “चार नंबरचं हँडल दुरुस्त झालं का?” मी म्हणाले, हो, झालं. वहिनींनी चहा आणला. मी चहा घेतला आणि घरी गेले; तुम्ही त्या दवाखान्यातून परत आलाच नाहीत.

त्या शुक्रवारी तुमच्या कपाटात तेच पत्रक सापडलं. माझ्या निळ्या आकड्याशेजारी, समासात, पेन्सिलने तुम्ही सातवी ओळ पूर्ण सोडवली होती. उत्तर बरोबर. खाली दोन शब्द: “दोघांनी सोडली.” माझं अक्षर तुम्ही अंधारातही ओळखलं असतं. म्हणजे सगळं ठाऊक असून तुम्ही हँडलबद्दल विचारत होतात. मला रडू आलं ते तिथे, कपाटाच्या उघड्या दाराआड. मला वाचवलंत म्हणून आलं, आणि रागानेही आलं. एकदा ओरडला असतात माझ्यावर!

रविवारी तुमच्या दहाव्याला ऑफिसच्या जीपमधून आम्ही चौघं गावी गेलो. नदीत पाणी नव्हतं, विधीसाठी घागरीने आणलं होतं. सगळं उरकल्यावर मी वहिनींपाशी बसले होते. तुमचे वडील आले, काठी आडवी ठेवून टेकले. “तुमीच का त्या मिसबाई? लई सांगायचा तुमचं.”

 जे डोक्यात होतं तेच मी विचारलं. “आबा, फडात दोघं दोन टोकांकडून एकच पात तोडत येतात. मध्ये भेटतात तेव्हा थोडा ऊस दोघांचाही राहून जात नाही का? त्याने घेतला असेल म्हणून?”

“असा कसा राहील?” त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. “हाक देतो की.”

“कसली हाक?”

“अवो, ऊस उंच असतोय. समोरचा दिसत न्हाई. मंग ज्यो त्यो सरीला हात घातला की हाक देतोय, ही माझी, ही माझी. तिकडून दुसरा वरडतोय. हाकेवरच चालतंय सगळं.” त्यांनी काठी जवळ ओढली. “त्याला कुठनं ठावं असणार? कोयता न्हाई धरू दिला मी त्याला. साळंच्या सुट्टीत यायचा, मोळ्या मोजायचा. लांबनं बघितलेलं त्यानं.”

भाऊसाहेब, मी दहाव्याला बसले होते आणि माझं काळीज आनंदाने धडधडत होतं. लाज वाटत होती आणि थांबतही नव्हतं. तुमची पद्धत पुरी होती! तुमच्या घरातच पुरी होती, आपण फक्त तिच्यातली हाक वगळली होती. ओळ उचलताच तिचा नंबर फोनवर पुकारायचा. पाचही जणांना ऐकू जातो, मग ती दुसरा कुणी उचलत नाही, आणि जी पुकारली गेली नाही ती रिकामी आहे हे सगळ्यांना कळतं. ज्या तारेला मी घाबरत होते, सगळ्यांनी सगळं ऐकणारी तार, तीच तर हवी होती. जीपमध्ये मी पाकिटाच्या पाठीवर लिहीत राहिले. अक्षर रस्त्यासारखंच खाली-वर होत होतं. त्या अमेरिकेतल्या मशीनांनाही ऊस उंचच असणार, समोरचं मशीन त्यांना तरी कुठे दिसतं? त्यांनाही हाक शोधावी लागेल. हे तुम्हाला सांगायला मी शेजारच्या सीटकडे वळलेसुद्धा. तिथे हेडक्लार्क टोपी तोंडावर घेऊन झोपले होते.

सोमवारी बैठकीला सगळे होते. पाचही ऑफिसांतली माणसं आली होती, बाबूराव दाराशी. साहेब म्हणाले, गर्जे हुशार होते, पण त्यांच्या पद्धतीने एकदा दगा दिला आहे, तेव्हा आपण जुन्या रीतीवर येऊ. हेडक्लार्कांनी मान हलवली. कुणाला काही म्हणायचंय का, हे साहेबांनी नेहमीसारखं विचारलं आणि नेहमीसारखी फाइल मिटायला घेतली.

मी उठले. खुर्ची मोठ्याने वाजली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला फक्त बाबूरावांचं तंबाखू मळणारं बोट थांबलेलं दिसलं.

“साहेब, ती सातवी ओळ रिकामी होती. मला दिसली होती, आणि मी कुणाला हाक मारली नाही. मनाने आकडा भरला. चूक पद्धतीची नाही, भाऊसाहेबांची नाही, माझी आहे. आणि बारा ओळींची ती युक्तीही माझीच आहे. पाचही मशीनं राहू द्या. फोनवर मी बसते.”